वामकुक्षी : आळस, औषध की हक्क?

मराठी माणूस नोकरी-धंद्यानिमित्त भोपाळला जावो, बडोद्याला जावो की बेंगळुरूला, सोबत तीन गोष्टी नेतो असे गमतीने म्हटले जाते : गोडा मसाला, नाटकाचे वेड आणि दुपारची वामकुक्षी. पहिल्या दोन गोष्टींचे कौतुक होते. तिसरीची मात्र चेष्टाच वाट्याला येते. ‘दुपारी १ ते ४ बंद’ या पाटीवरून पुणेकरांची जेवढी थट्टा झाली, तेवढी दुसऱ्या कशावरून क्वचितच झाली असेल. त्या थट्टेचे कायमचे गिऱ्हाईक असलेले चितळे बंधूंचे दुकानही २०१७ पासून दुपारी उघडे राहू लागले आणि त्याची चक्क बातमी झाली!

पण वाचकहो, थट्टा बाजूला ठेवली तर प्रश्न खराच आहे. धडधाकट माणसाने रोज दुपारी झोपावे की नाही? आणि या प्रश्नाला एक इतिहासही आहे. तो वैद्यांच्या ग्रंथांतून सुरू होतो, मुंबईच्या गिरण्यांतून जातो आणि आजच्या प्रयोगशाळांपर्यंत येतो.

आधी शब्दच पाहू. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर आडवे होणे. गाढ झोपणे असा तिचा अर्थच नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भोजनानंतरचा क्रम सांगितला आहे : जेवणाचा शीण उतरेपर्यंत राजासारखे स्वस्थ बसावे, मग शंभर पावले चालावे आणि नंतर डाव्या कुशीवर लवंडावे. आपली शतपावली आणि वामकुक्षी ही जोडगोळी अशी एकाच ठिकाणी सापडते. आपण कालांतराने शतपावली रात्रीकडे ढकलली, वामकुक्षी तेवढी दुपारी ठेवली आणि तिची लांबीही सोयीनुसार वाढवली! डाव्या कुशीवर झोपल्याने जठरातील आम्ल वर अन्ननलिकेत येण्याचे प्रमाण कमी होते, असे आधुनिक वैद्यकालाही दिसून आले आहे.

मग शास्त्राने दिवसा झोपायला मोकळीक दिली होती काय? मुळीच नाही. मुंजीत बटूला जे उपदेश केले जातात, त्यांत दिवसा झोपू नकोस हाही एक आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात दिवास्वापाचा, म्हणजे दिवसाच्या झोपेचा, सविस्तर विचार आहे. ग्रीष्म ऋतू सोडून इतर ऋतूंत दिवसा झोपू नये, असा सर्वसाधारण नियम. ग्रीष्मात मात्र रात्री लहान असतात आणि शरीर कोरडे पडलेले असते, म्हणून सूट. स्थूल, कफप्रकृतीच्या आणि रोज तूप-तेल भरपूर खाणाऱ्या माणसांना विशेष मनाई आहे. थोडक्यात, सुखवस्तू आणि पोट सुटलेल्या मंडळींना चरकांनी दुपारची झोप नाकारली आहे.

मग ती कोणाला दिली? ही यादी मोठी वाचनीय आहे. ओझी वाहून, वाट चालून, कष्टाची कामे करून थकलेले. गाऊन किंवा अध्ययन करून शिणलेले. म्हातारे, लहान मुले, अशक्त, जखमी. श्वास, उचकी, अतिसार यांनी बेजार झालेले. शोकाने किंवा भीतीने खचलेले. या सर्वांनी कोणत्याही ऋतूत दिवसा झोपावे. बसल्या बसल्या काढलेल्या डुलकीला तर चरकांनी निर्दोषच ठरवले आहे. सुश्रुतांनी अशा थकलेल्यांसाठी मापही दिले : एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. शिवाय रात्री जागरण झाले असेल तर जितका वेळ जागलो त्याच्या निम्मा वेळ दिवसा झोपावे. वाग्भटांनी त्याला पुस्ती जोडली की ही झोप सकाळी, जेवणाआधी घ्यावी. कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या आपल्यातील अनेकांनी हा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे.

म्हणजे आपल्या वैद्यांनी दुपारची झोप बरी की वाईट असा सरसकट निवाडा दिलाच नाही. झोपणारा कोण, कशाने थकला, ऋतू कोणता आणि किती वेळ, एवढे प्रश्न आधी विचारले. या लेखाचे सारही तेवढेच आहे.

उन्हाच्या देशांत सगळीकडेच मधल्या प्रहराला मान होता. स्पेनमधला ‘सिएस्ता’ हा शब्द लॅटिन भाषेतल्या सहाव्या होऱ्यावरून आला. सूर्योदयापासून मोजलेला सहावा तास म्हणजे भर दुपार. शेतकऱ्याचा दिवस पहाटे सुरू होतो. डोक्यावर सूर्य आला की औत सोडायचे, भाकरी खायची, झाडाखाली घटकाभर पडायचे आणि ऊन कलले की पुन्हा उठायचे. त्याला कोणी आळशी म्हटले नाही, कारण बैलालाही तेवढी विश्रांती लागतेच.

हे सारे बदलले ते भोंग्याने. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीसाठी कंपनी उभी केली आणि पुढच्या काही दशकांत गिरण्यांची रांग लागली. कोकणातून, घाटावरून माणसे आली. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. इंजिन चालू असेपर्यंत हात चालू. आठवड्याची सुट्टी नाही. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला, पण त्याने लहान मुलांपुरतेच नियम केले. प्रौढ स्त्री-पुरुषांबद्दल त्यात काही नव्हते.

येथे आपल्याला रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण केली पाहिजे. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले गृहस्थ. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या अशा होत्या : दर रविवारी सुट्टी, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी होणाऱ्याला मदत. आणि आणखी एक, दुपारी अर्धा तास विश्रांती.

वाचकहो, या अर्ध्या तासाकडे जरा थांबून पाहावे. जी गोष्ट शेतावर न मागता मिळत होती, ती गिरणीत मिळवण्यासाठी हजारो माणसांना अर्जावर सह्या कराव्या लागल्या. त्यातले कितीतरी जण निरक्षर असतील; पण दुपारी पाठ टेकण्याची किंमत त्यांना कळत होती. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मान्य झाली. १८९१ च्या कायद्याने सर्वांसाठी दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबवणे बंधनकारक केले. स्त्रियांसाठी कामाची मर्यादा अकरा तास ठरली आणि त्यांना दीड तास विश्रांती मिळाली. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाना अधिनियमात, सलग पाच तासांहून अधिक काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी, असे तत्त्व आले. मोठ्या कारखान्यांत विश्रांतीची खोली असावी असेही त्यात आले. आज आपल्यापैकी जे कोणी कारखान्यात डबा खाऊन बाकावर पाठ टेकतात, त्यांच्या त्या दहा मिनिटांमागे लोखंड्यांचा हा अर्ज आहे. २००५ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आता विज्ञानाकडे वळू. दुपारी डोळे जड होतात ते केवळ वरण-भातामुळे, असा समज आहे. जड जेवणाने सुस्ती वाढते हे खरेच. पण न जेवलेल्या माणसालाही दुपारी एक ते तीनच्या सुमारास पेंग येते. आपल्या शरीराचे अंतर्गत घड्याळच तशी एक उतरण घेते. दुसरीकडे, जागे राहिलो की झोपेची उधारी तासागणिक वाढत जाते. या दोन गोष्टींच्या मेळातून झोप ठरते, ही मांडणी आलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२ मध्ये केली.

झोपेला पायऱ्या असतात. पहिली वीस-तीस मिनिटे बहुधा उथळ झोपेची. त्यानंतर माणूस गाढ झोपेत उतरतो. तेथून मध्येच उठवले तर डोके जड, तोंड आंबलेले आणि चिडचिड. दोन तास ताणून दिल्यावर ‘झोपलो नसतो तर बरे झाले असते’ असे वाटते, त्याचे कारण हेच. अमेरिकेच्या नासा संस्थेने लांब पल्ल्याच्या विमानांच्या वैमानिकांना, सहकारी सांभाळत असताना, चाळीस मिनिटांची आळीपाळीने विश्रांती देऊन पाहिली. ते सरासरी २६ मिनिटे झोपले आणि न झोपलेल्यांपेक्षा उड्डाणाच्या शेवटी अधिक सावध राहिले. आपल्या आजीच्या भाषेत ‘घटकाभर पडते’ म्हणजे किती? एक घटका म्हणजे २४ मिनिटे! नासाला जे मोजावे लागले, ते आपल्या बोलीत आधीपासून होते.

हृदयाचे काय? ग्रीसमध्ये २३ हजारांहून अधिक निरोगी प्रौढांची सहा वर्षांहून अधिक काळ पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले : आठवड्यातून किमान तीन वेळा, किमान अर्धा तास दुपारी झोपणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी होते आणि नोकरी करणाऱ्या पुरुषांत हा फरक विशेष दिसला. वामकुक्षीवाले आनंदले. पण २०२२ मध्ये ब्रिटनमधील सुमारे ३ लाख ६० हजार लोकांच्या माहितीवरून उलट चित्र निघाले : नेहमी दिवसा झोपणाऱ्यांत रक्तदाबाचा धोका १२ टक्के आणि पक्षाघाताचा २४ टक्के अधिक.

मग खरे कोण? दोन्ही. ग्रीसमध्ये दुपारची विश्रांती ही समाजाची रीत आहे. निरोगी माणूसही झोपतो. जेथे तशी रीत नाही, तेथे दिवसा डोळा लागतो तो पुष्कळदा रात्रीची झोप बिघडलेल्यांचा. घोरताना श्वास अडणे, मधुमेह, औषधांचा परिणाम, मनाची उदासी, अशी कारणे त्यामागे असू शकतात. तेथे दुपारची झोप हा रोग नसून रोगाची वर्दी असते. रात्री सात-आठ तास झोपूनही रोज दुपारी दीड-दोन तास झोप आवरत नसेल, तर वामकुक्षीचे गुण न गाता डॉक्टरांना भेटावे. ज्यांना रात्री झोप लागत नाही त्यांनी दुपारी झोपून उधारी फेडूच नये. इतरांनी तीनच्या आत, घटकाभर, गजर लावून झोपावे. चरक-सुश्रुतांचा निवाडा याहून फारसा वेगळा नव्हता.

शेवटी एक आपल्या देशातलाच प्रयोग. चेन्नईत ४५२ गरीब कामगारांना संगणकावर माहिती भरण्याचे काम देऊन अर्थशास्त्रज्ञांनी त्यांच्या झोपेचा अभ्यास केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसे रात्री सरासरी साडेपाच तासच झोपत, तीही उकाडा, डास, गोंगाट यांत वारंवार जाग येऊन. त्यांची रात्रीची झोप सुमारे अर्ध्या तासाने वाढवली, पण कामात फरक पडला नाही. कामाच्याच जागी दुपारी अर्धा तास शांत झोप दिली तेव्हा मात्र लक्ष, कामाचा वेग आणि मनाचे स्वास्थ्य सुधारले, पैसे मागे टाकण्याची वृत्तीही वाढली. त्या अर्ध्या तासात काम करत राहिलेल्यांपेक्षा एकूण कमाई थोडी कमी झाली, हेही खरे. विश्रांतीची किंमत मोजावी लागतेच. प्रश्न ती कोणी मोजायची हा आहे.

२०२२ मध्ये बेंगळुरूच्या एका गाद्या विकणाऱ्या कंपनीने कर्मचाऱ्यांना दुपारी अर्धा तास झोपेची सवलत दिली, तेव्हा ती नवलाई ठरली. १८८४ चा अर्ज ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्यात नवल वाटू नये.

आपल्या घरांत दुपारी कोण झोपत असे, हेही आठवून पाहावे. पंगतीत पहिल्यांदा जेवलेले पुरुष. स्वयंपाक करून, वाढून, मागाहून जेवून, ओटा आवरून बाई टेकायला जाई तोवर चहाची वेळ होई. चरकांच्या यादीत नाव होते तिचे. झोपत मात्र दुसरेच. आज आपल्या सोसायटीचा रात्रपाळीचा पहारेकरी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, भर उन्हात पार्सल पोहोचवणारा मुलगा, हे सारे त्याच यादीतले आहेत. आपण दुपारी डाव्या कुशीवर वळताना त्यांना पाठ टेकायला सावलीतला कोपरा आणि अर्धा तास मिळतो की नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.