परवाणीचे वाहक : नरसी-औंढा परिसर आणि नामदेवांची कीर्तनपरंपरा

१

शब्द ज्याचे, कंठही त्याचाच, असे भाषेच्या व्यवहारात नेहमी घडतेच असे नाही. ध्वनिमुद्रणशाळेत बसून पडद्यावरील नटाला किंवा अनुबोधपटातील दृश्यांना आवाज देणारा कलावंत दुसऱ्याने लिहिलेले शब्द दुसऱ्याच्या वतीने उच्चारीत असतो. त्याचा आवाज हजारोंच्या परिचयाचा असतो. त्याचे नाव मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते. हा व्यवसाय यंत्रयुगाची निर्मिती म्हणून ओळखला जातो आणि यंत्राच्या दृष्टीने ते खरेही आहे. परंतु दुसऱ्याच्या वाणीस आपला कंठ देणे हा व्यवहार यंत्राहून फार जुना आहे. महाराष्ट्रात तो कीर्तनाच्या रूपाने सुमारे सात शतके चालत आला असून, त्यात गुरुशिष्यसंबंध व सख्य यांना जे स्थान मिळाले आहे, ते स्वतंत्र विचारास पात्र आहे.

बोलणारा एकच असतो ही समजूत अपुरी आहे, हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फॉर्म्स ऑफ टॉक’ या ग्रंथात विशद केले. प्रत्यक्ष ध्वनी काढणारा उच्चारक, शब्दांची जुळणी करणारा रचयिता आणि ज्याची भूमिका त्या शब्दांतून मांडली जाते तो धनी, अशा तीन भूमिका त्यांनी वेगळ्या केल्या. या तिन्ही भूमिका एका व्यक्तीत एकवटलेल्या असू शकतात, तशाच त्या तीन व्यक्तींत विभागलेल्याही असू शकतात. ‘बोलविता धनी’ हा शब्दप्रयोग ज्या भाषेत रूढ आहे, त्या भाषेच्या अभ्यासकाला हे विवेचन अगदीच अनोळखी वाटण्याचे कारण नाही.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी हिंगोली जिल्ह्याइतका उचित प्रदेश क्वचितच सापडेल. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा प्रशासनाच्या दृष्टीने नवा असला, तरी त्याच्या सीमेत नामदेवचरित्राशी निगडित अशी दोन स्थळे येतात : कयाधू नदीकाठचे नरसी आणि नागनाथाचे औंढा. पहिले परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानलेले, तर दुसरे त्यांच्या गुरुभेटीचे. जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींनी कऱ्हाडजवळच्या नरसिंगपूरचा, तर काहींनी पंढरपूरचाही पक्ष मांडला आहे. प्रस्तुत विवेचनाला त्या वादाचा निर्णय आवश्यक नाही. परंपरेने ही स्थळे कोणत्या प्रसंगांसाठी स्मरणात ठेवली, एवढेच येथे महत्त्वाचे आहे.

२

नामदेवांचा काळ परंपरेनुसार इ. स. १२७० ते १३५० असा धरला जातो. दामाशेटी व गोणाई यांच्या शिंपी कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाची पहिली ओळख विठ्ठलाशी प्रत्यक्ष बोलणारा भक्त अशी आहे. असे असता त्यांना गुरूची गरज का पडावी? या प्रश्नाचे उत्तर संतमंडळींच्या परीक्षेच्या प्रसिद्ध कथेत मिळते. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेऊन एकेका संताचे मडके भाजले आहे की कच्चे, हे तपासले. नामदेवांचे मडके कच्चे ठरले. अपमानाने व्यथित झालेले नामदेव पंढरपुरास परतले, आणि विठ्ठलाने त्यांना औंढ्यास विसोबा खेचरांकडे जाण्यास सांगितले. तेथे पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या वृद्धाने त्यांना, देव जेथे नसेल तेथे आपले पाय उचलून ठेवण्यास सांगितले. पुढे काय झाले हे सर्वविदित आहे.

या कथेचा तात्त्विक अर्थ वारंवार सांगितला गेला आहे. भाषाव्यवहाराच्या दृष्टीने पाहता तिच्यातील आणखी एक गोष्ट लक्षात येते. कुंभार मडके पारखतो ते त्याच्या नादावरून. भाजलेले मडके खणखणते, कच्चे बद्द वाजते. नामदेवांची परीक्षा झाली ती नादाची परीक्षा होती. ज्याचा आवाज पुढे कीर्तनाच्या रूपाने देशभर जायचा होता, त्याचा नाद अजून कच्चा आहे, असा तो निर्णय होता.

गुरू म्हणून ज्यांची योजना झाली त्या विसोबांचे पूर्वचरित्रही ध्यानात घेण्याजोगे आहे. परंपरा सांगते की, ज्ञानदेवादी भावंडांचा आळंदीत ज्यांनी छळ केला, त्यांत विसोबा अग्रेसर होते. मुक्ताबाईच्या मांड्यांच्या प्रसंगानंतर ते शरण आले. त्यांच्या ‘खेचर’ या नावातही दोन अर्थांचा झगडा आहे. संस्कृतात खेचर म्हणजे आकाशगामी, आणि नाथपंथीय योगाच्या परिभाषेत ‘खेचरी’ ही मुद्रा आहे. मराठीत मात्र खेचर हा गाढव व घोडी यांच्या संकरातून झालेला पशू. निंदेने लाभलेले नाव साधनेने सार्थ झाले, असेच जणू परंपरेला सुचवायचे आहे. स्वतः एकदा कच्चा ठरलेला मनुष्यच दुसऱ्या कच्च्या मडक्याला भाजू शकतो, हा या नियुक्तीतील मर्मभेद होय.

विसोबांच्या नावावर आज फारच थोडी रचना आढळते. त्यांचा उपदेश मराठी समाजाला ठाऊक आहे तो मुख्यतः नामदेवांच्या नावाने चालत आलेल्या अभंगांतून आणि पुढे महिपतींच्या ‘भक्तविजया’सारख्या १७६२ मधील चरित्रग्रंथातून. म्हणजे गुरूने शिष्याला शब्द दिले, आणि शिष्याने गुरूला आवाज दिला. गुरूचे ऋण फेडण्याचा हा मार्ग कीर्तनपरंपरेत पुढे प्रमाणच ठरला.

३

औंढ्याशी निगडित असलेली दुसरी कथा आवाजाच्या अधिकाराविषयी आहे. नामदेव मंदिरासमोर कीर्तनास उभे राहिले असता पुजाऱ्यांनी त्यांना तेथून दूर केले. ते मागील बाजूस जाऊन गाऊ लागले आणि मंदिरच फिरून त्यांच्या सन्मुख झाले. औंढ्यास नंदी मंदिराच्या पाठीमागे आहे, आणि भाविक या रचनेकडे त्या प्रसंगाची साक्ष म्हणून पाहतात. वास्तूच्या इतिहासाचा निर्णय कथेवरून करता येणार नाही, हे उघड आहे. तथापि ही कथा केवळ उत्तरकालीन मराठी चरित्रकारांची कल्पना नाही. मंदिर भक्ताकडे फिरल्याचा उल्लेख शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट असलेल्या नामदेवांच्या पदांतही आहे. त्या ग्रंथाचे मूळ संकलन १६०४ मध्ये झाले असल्यामुळे, निदान तेव्हापर्यंत हा प्रसंग मराठी मुलखाबाहेर, वेगळ्या भाषेत व वेगळ्या कंठांतून गायिला जात होता, असे निश्चित म्हणता येते.

गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे नामदेवांचे स्थान असून, २०१५ मध्ये अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले. गुरुद्वारात रागी जेव्हा नामदेवांचे पद गातो, तेव्हा कयाधूकाठच्या परंपरेतील वाणी पंजाबी कंठातून प्रकट होते. येथे उच्चारक शीख, धनी नामदेव आणि श्रोते बहुधा मराठी न जाणणारे. पुजाऱ्यांनी ज्या आवाजाला समोरची जागा नाकारली, त्याला परमुलखात कायमची जागा मिळाली. मात्र ती इतरांनी आपले कंठ दिले म्हणून मिळाली, हे विसरता येत नाही.

४

गुरुशिष्यसंबंधाइतकाच सख्याचा धागाही या परंपरेत बळकट आहे. नामदेवांच्या नावावरील ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधि’ या तीन प्रकरणांत ज्ञानदेवांचे चरित्र आले आहे. ‘तीर्थावळी’त ज्ञानदेव नामदेवांना तीर्थयात्रेस सोबत चलण्याची विनंती करतात, आणि वाटेत नामदेवांच्या मुखातून भक्तीचे विवेचन ऐकतात. १२९० मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध करणारा तत्त्ववेत्ता येथे श्रोता झालेला दिसतो. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. त्या प्रसंगाचे जे करुण चित्र मराठी मनात आहे, ते नामदेवांच्या नावाने चालत आलेल्या अभंगांनी उभे केलेले आहे. मित्राच्या मौनानंतर त्याच्याविषयी बोलण्याचे काम मित्राने पत्करले.

या मंडळींत एकाची वाणी दुसऱ्याने सांभाळण्याची प्रथाच होती, असे दिसते. ‘ज्ञानेश्वरी’च्या समाप्तीच्या ओवीत लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचा निर्देश आहे. येथे ‘लेखक’ म्हणजे रचयिता नव्हे, तर लिहून घेणारा, हा शब्दार्थातील फरक सूचक आहे. कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले, याची यादी परंपरेने जपली आहे. चोखामेळ्याचा लेखक अनंतभट्ट, सावता माळ्याचा काशिबा गुरव, आणि जनाबाईचा लेखक साक्षात पांडुरंग! अस्पृश्य गणल्या गेलेल्या कवीचे शब्द ब्राह्मणाने लिहावेत, आणि दासीचे शब्द लिहिण्यास माणूस न मिळाल्यामुळे देवानेच बोरू हाती धरावा, या दोन नोंदींत मध्ययुगीन समाजाची सारी विषमता आणि तिच्यावर या मंडळींनी सख्यातून काढलेला तोडगा एकत्र आले आहेत.

जनाबाईंचे उदाहरण मात्र या व्यवहाराची दुसरी बाजूही दाखवते. गंगाखेडची ही स्त्री दामाशेटींच्या घरी वाढली. तिच्या अभंगांतील नाममुद्रेत स्वतःच्या नावाबरोबर नामदेवांचे नावही असते, आणि तिची रचना नामदेवांच्या गाथ्यातच समाविष्ट होऊन आली आहे. गाथ्याच्या आश्रयाने ती टिकली हे जितके खरे, तितकेच त्या आश्रयामुळे ती दीर्घकाळ परप्रकाशित मानली गेली हेही खरे. आवाजाला आश्रय देणारा कधी नकळत त्या आवाजाचा धनी होऊन बसतो. सख्याचा गौरव करताना ही किंमत नजरेआड करणे योग्य ठरणार नाही.

५

येथून नामदेवाभ्यासातील सर्वांत बिकट प्रश्नाकडे येता येते. महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या गाथ्यात सुमारे अडीच हजार अभंग आहेत. त्यांतील तेराव्या-चौदाव्या शतकातील नामदेवांचे किती? सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेलेल्या, महाभारतावर रचना करणाऱ्या विष्णुदास नामाचे अभंग त्यांत मिसळले आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. ‘नामा’ ही मुद्रा वापरणारे इतरही होते. त्यामुळे गाथ्याचा बराच भाग ‘प्रक्षिप्त’ म्हणून बाजूस सारण्याकडे संशोधनाचा कल राहिला.

भाषिक स्तर वेगळे करणे हे भाषाशास्त्राचे कर्तव्यच आहे, आणि ते टाळता येणार नाही. परंतु ‘प्रक्षिप्त’ या शब्दात जो फसवणुकीचा ध्वनी आहे, तो येथे लागू पडतो काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. अमेरिकन अभ्यासक ख्रिश्चन ली नोवेट्झके यांनी २००८ मधील आपल्या ग्रंथात पोथी व बाड यांतील भेदावर भर दिला. पोथी पठणासाठी व जतनासाठी असते. बाड हे कीर्तनकाराच्या उपयोगाचे टिपणवही. बाडात नामदेवांच्या अभंगाशेजारी दुसऱ्या संताचा अभंग, एखादे आख्यान, पुढील निरूपणाचा दुवा असे सर्व एकत्र असते. अशा बाडांतून वाढलेल्या गाथ्यात ‘नामा म्हणे’ हे शब्द केवळ रचयित्याची सही राहत नाहीत. प्रत्येक कीर्तनात उभा राहणारा कीर्तनकार ते उच्चारतो, आणि त्या क्षणी तो स्वतःच्या नावाने बोलत नसतो. हे उच्चारण शेकडो वर्षे करणाऱ्यांपैकी काहींनी त्याच मुद्रेने नवी रचना केली, तर त्यांनी नामदेवांचे नाव चोरले असे म्हणण्यापेक्षा आपले नाव सोडले असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. गॉफमनच्या परिभाषेत सांगायचे तर, रचयिते बदलत गेले, धनी एकच राहिला.

६

हे नाव सोडणे शिकवले कसे जाते? त्याचे उत्तर वारकरी कीर्तनाच्या मांडणीतच आहे. पुढे कीर्तनकार, मागे टाळकऱ्यांची रांग, सोबत विणेकरी आणि मृदंगी. नवशिका प्रथम टाळकऱ्यांत उभा राहतो. अभंगाचे चरण त्याला आधी साथ करता करता पाठ होतात. अर्थ मागाहून उलगडतो. निरूपणात कीर्तनकार थांबला की टाळकरी अभंगाचा चरण उचलून चाल धरतात आणि त्याला श्वास घेण्यास अवसर देतात. कोठे उचलावे, किती वेळ धरावे आणि केव्हा सोडून द्यावे, हे कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. पोवाड्यात व गोंधळात मागच्या साथीदारांच्या या कामाला ‘झील धरणे’ म्हणतात. ‘धरणे’ या क्रियापदाची निवड अर्थपूर्ण आहे : पुढच्याचा सूर पडू नये म्हणून मागच्याने तो धरावयाचा.

या शिक्षणाला संस्थेचे रूप विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीस स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेने दिले. त्यांचे शिष्य सोनोपंत दांडेकर हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असूनही कीर्तनकार म्हणून उभे राहिले. संस्था झाली तरी टाळकऱ्यांच्या रांगेचे महत्त्व कमी झाले नाही. आणि कीर्तनकार व श्रोते एकमेकांच्या पाया पडतात या वारकरी रीतीमुळे गुरुत्वाला अहंकाराचे रूप येण्यास नेहमीच आडकाठी राहिली. आषाढी वारी आटोपल्यावर आषाढ वद्य एकादशीस नरसीला परतवारीसाठी जो समुदाय जमतो, त्यात ही सारी व्यवस्था आजही प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

ध्वनिमुद्रणशाळेतील कलावंत आणि कीर्तनकार यांत अंतर आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पहिल्याचा श्रोता अदृश्य, दुसऱ्याचा सन्मुख. पहिल्याचे अनामिकत्व व्यवसायाने लादलेले, दुसऱ्याचे साधनेने स्वीकारलेले. तथापि दोघांची विद्या एकच आहे : दुसऱ्याचे शब्द स्वतःच्या श्वासावर तोलून धरणे. ती एकट्याने शिकता येत नाही. आपला आवाज कोठे कच्चा आहे हे ज्याचे त्याला ऐकू येत नाही. त्यासाठी थापटणे हाती घेणारा गोरोबा आणि भाजून काढणारा विसोबा, दोन्ही लागतात.

नामदेवांच्या चरित्रातील एक शेवटचा प्रसंग या संदर्भात आठवतो. मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखामेळा इतर मजुरांसह गाडला गेला. परंपरेने हे वर्ष १३३८ मानले आहे. नामदेव तेथे गेले. अस्थींच्या ढिगातून चोखोबांच्या अस्थी कोणत्या हे त्यांनी ओळखले ते कान लावून. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या त्यांनी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली गेली. ज्याला हयातीत देवळात पाऊल ठेवता आले नाही, त्याचा आवाज त्याच्या मार्गदर्शक मित्राने मृत्यूनंतरही ओळखला. ज्या परंपरेने दुसऱ्याच्या वाणीला कंठ देण्याची विद्या जपली, तिने दुसऱ्याचा आवाज ऐकण्याची विद्या त्याआधी आत्मसात केली होती, हेच या कथेवरून दिसून येते.