यंत्राचा ताप आणि त्याची नोंद

जुन्या रेडिओ-संचाच्या मागच्या पुठ्ठ्याला ओळीने भोके असत, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आतले व्हॉल्व्ह तापत आणि त्यांची ऊब बाहेर पडावी म्हणून ती सोय केलेली असे. वीज जिथे काम करते तिथे उष्णता सोडते. हा नियम रेडिओला जसा लागू, तसाच संगणकालाही. म्हणून संगणकाचा इतिहास हा हिशेबाचा इतिहास आहे, तसाच तो तापाशी चाललेल्या झगड्याचाही आहे. हा ताप मोजण्याचे काम खुद्द संगणकाच्या आज्ञावलीकडे कसे आले आणि ते करणाऱ्या माणसांना कोणती शिस्त शिकावी लागली, एवढाच भाग आज आपण पाहू.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे १९४६ साली एनियाक नावाचा संगणक लोकांपुढे आला. त्यात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते आणि तो दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज घेई. एवढी वीज म्हणजे तेवढीच उष्णता! ती बाहेर फेकायला मोठे पंखे होतेच. शिवाय ताप हाताबाहेर गेला की वीज तोडणारी साधनेही त्यात बसवलेली होती. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण आकाराचा संगणक सुरू झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव टिफ्रॅक असे ठेवले. त्यातही सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. त्या काळी ताप सांभाळणे हे इमारतीचे, पंख्यांचे आणि यंत्राजवळ बसणाऱ्या तंत्रज्ञांचे काम होते. गणित करणाऱ्या आज्ञावलीला त्याची गंधवार्ताही नसे.

पुढे व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, आणि हजारो-लाखो ट्रान्झिस्टर नखाएवढ्या चिपवर मावू लागले. आता ताप कमी झाला असेल, असे कुणालाही वाटेल. एका ट्रान्झिस्टरचा झाला, हे खरे. पण इतके सगळे एका जागी दाटीने बसल्यावर तेवढीशी जागा चुलीवरच्या तव्यासारखी तापू लागली. १९९० नंतरच्या दशकात घरगुती संगणकाच्या मुख्य चिपवर पंखा बसवणे रूढ झाले. धूळ बसून तो पंखा थांबला तर? शेजारी लक्ष ठेवायला तंत्रज्ञ बसलेला नाही. म्हणून संगणकाच्या मुख्य पाटीवर छोट्या मापक चिप येऊ लागल्या. नॅशनल सेमिकंडक्टर या कंपनीची एलएम ७५ ही त्यांतली एक. ती नुसते तापमान सांगे, अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या पायरीने. एलएम ७८ ही तिची थोरली बहीण म्हणा ना. ती तापमानाबरोबर विजेचा दाब आणि पंख्याचे फेरेही मोजी.

थर्मामीटर आला. पण तो वाचायचा कुणी? ते काम आले कर्नलकडे. हा कर्नल पलटणीतला नव्हे बरं का! टरफलाच्या आत जसा दाणा, तसा संगणकाच्या सगळ्या आज्ञावलींच्या आत हा गाभा असतो. फिनलंडमधील हेलसिंकीच्या विद्यापीठातला विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने १९९१ साली असा एक गाभा लिहून सर्वांना खुला केला. तोच लिनक्स. हा गाभा आपल्या यंत्राला बेतून घ्यायचा तर प्रश्नांची एक लांबलचक यादी पुढे येते. अमुक चिप तुमच्याकडे आहे काय? उत्तर तीनांपैकी एक द्यायचे: हो, नाही, किंवा ‘वेगळे ठेवा, लागेल तेव्हा जोडू’. कित्येक प्रश्नांखाली दोन-चार ओळींचा खुलासा असतो, आणि अनेकदा त्याची शेवटची ओळ अशी असते की, खात्री नसेल तर ‘नाही’ म्हणा.

हा सल्ला भित्रेपणाचा वाटेल. पण तो कसा अंगी लागला ते ऐका. १९९८च्या सुमारास काही स्वयंसेवकांनी या मापक चिप वाचण्यासाठी ‘एलएम सेन्सर्स’ नावाचा प्रकल्प उभारला. या चिप दोन तारांच्या एका सामाईक वाटेवर बसलेल्या असतात. प्रत्येकीला घर-क्रमांक असतो, पण दारावर नावाची पाटी असतेच असे नाही. तेव्हा शोध घेणारी आज्ञावली घरोघरी कडी वाजवून ‘कोण आहे?’ असे विचारीत जाई. थिंकपॅड नावाच्या आयबीएम कंपनीच्या काही संगणकांत त्याच वाटेवर एक निराळी चिप होती. यंत्राची महत्त्वाची नोंद तिच्यात साठवलेली असे. कडी वाजवणे म्हणजे ‘लिहून घे’ असा हुकूम, असे त्या चिपने धरले. आतली नोंद बिघडली, आणि पुढच्या वेळी संगणक सुरूच होईना! कारखान्याच्या दुरुस्तीशिवाय गत्यंतर राहिले नाही. ताप पाहायला गेलेल्या वैद्याकडूनच रोगी दगावावा, तसे झाले.

मग उपाय काय केला? थिंकपॅडच्या मालकांसाठी इशारा लिहून ठेवला गेला. त्या वाटेवरच्या एका आज्ञावलीत अशी तपासणी घातली की, यंत्राचा निर्माता आयबीएम असेल तर तिने कामच करू नये. पुढे डिसेंबर २००३ मध्ये निघालेल्या २.६ या आवृत्तीत मापक चिपांच्या आज्ञावली खुद्द कर्नलमध्ये आल्या आणि २००५ साली त्यांना स्वतंत्र दालन मिळाले. या दालनाची कागदपत्रे वाचण्यासारखी आहेत. कोणत्या चिपसाठी हे लिहिले, कोणते घर-क्रमांक तपासले जातात, निर्मात्याचा माहितीपत्रक कुठे मिळेल, लिहिणारा कोण, हे सारे वरच नोंदवलेले असते. कुणाच्या दारावर कडी वाजवणार हे आधीच सांगून टाकायचे, अशी ही रीत आहे.

दुसरा धडा आकड्याचा. २००७ साली इंटेलच्या कोअर जातीच्या चिपांतले अंतर्गत मापक वाचणारी आज्ञावली कर्नलमध्ये आली. गंमत अशी की हे मापक तापमान सांगतच नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत, एवढेच ते सांगते. समजा, उत्तर आले ४०. मर्यादा १०० अंश असेल तर तापमान ६०. मर्यादा ८५ असेल तर ४५. चिप तीच, क्षण तोच, आणि फरक पंधरा अंशांचा! सुरुवातीला पुष्कळ चिपांची ही मर्यादा कंपनीने उघड केलेली नव्हती, म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्यांना अंदाजावर काम भागवावे लागले. पडद्यावर आकडा मात्र ठसठशीत दिसे.

ताप कळला, पण पुढे करायचे काय? १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एक सामाईक संकेत ठरवला. त्यात तापाचे टप्पे सांगितले आहेत. एका टप्प्याला पंखा लावा. दुसऱ्याला यंत्राची गती कमी करा. तिसरा टप्पा आला की सरळ बंद करा. औतावरच्या बैलाला धाप लागली तर शहाणा शेतकरी काय करतो? आधी सावली, मग चाल मंद, आणि तरीही भागले नाही तर जू उतरवतो. २००८ साली लिनक्समध्ये अशा सर्व साधनांसाठी एक समान चौकट आली. त्यात ४५ अंश हे ४५००० असे, म्हणजे अंशाच्या हजाराव्या भागात लिहितात. कर्नल अपूर्णांकांच्या गणितापासून दूर राहतो, त्यासाठी ही युक्ती.

ही गोष्ट दूरदेशीची वाटेल, पण ती आपल्या खिशातही आहे. अँड्रॉइडच्या मोबाइलचा गाभा लिनक्सचाच असतो. वैशाखात बांधावर उन्हात ठेवलेला मोबाइल मंद चालू लागला किंवा त्याचे चार्जिंग सावकाश होऊ लागले, तर तो बिघडलाच असे समजू नका. बहुधा त्याने आपले जू थोडे सैल केलेले असते. त्याला सावलीत घ्या.

शिक्षकांनी यातून वर्गासाठी एक गोष्ट जरूर उचलावी. शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर त्याचे तापमान मुलांना काढायला सांगा. आकडा मिळाला की तीन प्रश्न विचारा: मापक कुठे बसवला आहे? तो कशापासून मोजतो? आणि हे आपल्याला कुणी लिहून ठेवले? तिन्हींची उत्तरे आली तर आकडा वहीत लिहावा. एकाचे जरी आले नाही, तरी लिहावा. पण त्याच्यापुढे ‘खात्री नाही’ हे दोन शब्दही लिहावेत.