दाराखालून सरकवलेले पत्र

मनीषनगरात घरभेटीला गेलो असता एक तक्रार अलीकडे वारंवार आमच्या कानी येते. "फादर, मुलगा घरातच असतो, पण भेटत नाही." खोलीचे दार बंद, हाती मोबाईल, जेवणाचे बोलावणेदेखील आई व्हॉट्सॲपवरून धाडते. आईबापांना वाटते, या यंत्राने आपले लेकरू हिरावून नेले. अशा वेळी आम्हांस नागपूरच्या कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे स्मरण होते.

१५९४ च्या सप्टेंबरात, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, हा तरुण धर्मगुरू शाब्ले प्रांतात गेला. तेथील लोक कॅल्विनपंथी झालेले. प्रवचन ऐकायला कोणी येईना. तेव्हा फ्रान्सिसनी श्रद्धेविषयी छोटी पत्रके लिहिली, त्यांच्या प्रती केल्या आणि बंद दारांखालून घरोघरी सरकवल्या. पत्रके टाकून ते स्वस्थ मात्र बसले नाहीत. थंडीवाऱ्यात पायपीट करीत ते माणसांना भेटत राहिले. १५९८ पर्यंत त्या प्रांतातील बहुसंख्य लोक कॅथोलिक श्रद्धेत परतले होते. १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले.

आपल्याकडे १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले, १९५० साली इनलँड पत्र. आम्ही सेमिनरीत असताना घरचे इनलँड न चिकटवता वरिष्ठांच्या हाती द्यावे लागे. परिणामी महिनोन्महिने आम्ही एकच मजकूर लिहिला : "मी मजेत आहे, काळजी नसावी." घरच्या आठवणीने रात्री उशी ओली होई, हे बाबांना त्या पत्रांतून कधीच उमगले नाही. सुटीत अंगणात ते नुसते शेजारी येऊन बसले आणि काही न विचारताच आमच्या तोंडून सारे बाहेर पडले.

पुढे एसटीडी बूथ आले. दर उतरण्याची वाट पाहत लोक रात्री रांगा लावीत. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांच्याशी बोलून देशातील मोबाईल सेवेचा आरंभ केला. आज पुण्या-बंगळुरास शिकणारी लेक आईला रोज दिसते, ही देवाची कृपाच होय. परंतु काही पालक मुलांचा मोबाईल चोरून वाचतात. हेतू मायेचा असतो. लहान मुलांवर लक्ष हवेच, आणि ते त्यांना सांगून ठेवावे. मात्र आपला शब्दन्‌शब्द गुपचूप वाचला जातो, हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कळले, की तोही "मी मजेत आहे" एवढेच लिहू लागतो.

जागतिक संपर्कमाध्यम दिनाचा संदेश दरवर्षी २४ जानेवारीच्या सुमारास, संत फ्रान्सिस यांच्या सणानिमित्त, प्रसिद्ध होतो. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यासाठी कुटुंब हा विषय निवडला आणि मरिया-अलीशिबा भेटीपासून आरंभ केला. वार्ता कळताच मरिया स्वतः उठून डोंगराळ प्रदेशात गेली, असे संत लूक सांगतो.

म्हणून पालकहो, मुलांना प्रेमाचे चार शब्द मोबाईलवरून अवश्य धाडा. बंद दाराखालून ते आत पोहोचतील. मग रात्री घटकाभर हातातले यंत्र बाजूला ठेवून त्यांच्याजवळ जाऊन बसा. बोलण्याची घाई करू नका.