शितावरून भाताची परीक्षा

पावसाळ्यात डोळे येण्याची साथ सुरू झाली की शाळेत पहिली नजर हजेरीपटावर जाते. समजा, सातवीच्या वर्गातील साठ मुलांपैकी नऊ गैरहजर आहेत. साहजिकच नऊ जणांचे डोळे आले, असे आपण धरून चालतो. पण त्या नवांपैकी दोघे मामाच्या गावी गेले असतील. उलट वर्गात बसलेल्या एखाद्याचा डोळा सकाळपासून चुरचुरत असेल आणि चाचणी बुडू नये म्हणून तो गप्प बसला असेल. हजेरीपट गैरहजेरी मोजतो. साथ मोजायची तर जे हजर आहेत त्यांचेही डोळे पाहावे लागतील.

आरोग्यखात्यापुढेही हीच अडचण असते. रुग्णालयातील नोंदवही फक्त तिथवर आलेल्यांची असते. विषाणूंच्या बाबतीत ही उणीव फार मोठी ठरते, कारण संसर्ग झालेल्या अनेकांना काहीच त्रास होत नाही. ते कामावर जातात, बाजारात जातात, विषाणू पसरवतात आणि कोणत्याही नोंदवहीत येत नाहीत. मग त्यांना मोजायचे कसे? त्यांच्या घरी जाऊन, हे उत्तर जुनेच आहे. ते अमलात कसे आले, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

१९१८ : दारावरचे प्रश्न

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या महासाथीत जगभर कोट्यवधी माणसे दगावली. मृत्यूंची नोंद बऱ्याच ठिकाणी होत होती, पण आजारी किती पडले हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. आजाऱ्यांची संख्या माहीत नसेल तर शंभर आजाऱ्यांमागे किती दगावतात, हेही सांगता येत नाही. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट आणि एडगर सिडेनस्ट्रिकर यांनी बाल्टिमोर व इतर काही शहरांतील निवडक भागांत घरोघरी माणसे पाठवली. घरात किती जण राहतात, कोण आजारी पडले, कधी पडले, कोण दगावले, असे साधेच प्रश्न होते.

उत्तरे मात्र साधी नव्हती. लुईव्हिल येथे शंभर माणसांमागे सुमारे १५ जण आजारी पडल्याचे आढळले, तर सॅन अँटोनियोमध्ये ५० हून अधिक. एकाच देशात, एकाच साथीत एवढा फरक होता.

या पद्धतीची मर्यादा उघड होती. सारी भिस्त लोकांच्या आठवणीवर होती. त्या वेळी इन्फ्लुएन्झा विषाणूमुळे होतो हेही ठाऊक नव्हते. माणसातील इन्फ्लुएन्झाचा विषाणू १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी वेगळा केला. ज्याला त्रासच झाला नाही, तो दारावरच्या प्रश्नाला काय उत्तर देणार?

पुढे रक्तातील प्रतिपिंडे तपासता येऊ लागली. अमेरिकेतील मिशिगन राज्यात टेकमसे नावाचे एक लहान गाव आहे. तेथील कुटुंबांना १९६५ पासून अनेक वर्षे दर आठवड्याला दूरध्वनी करून सर्दी-खोकल्याची विचारपूस केली जाई आणि ठरावीक काळाने रक्ताचे नमुने घेतले जात. प्रतिपिंडे म्हणजे विषाणूची शरीरात उमटलेली पावले. त्यांवरून गुपचूप येऊन गेलेला संसर्गही कळतो. मात्र पावले दिसतात ती पाहुणा येऊन गेल्यावर. आज, या घटकेला किती जणांच्या घशात विषाणू आहे, हे त्यांवरून सांगता येत नाही.

ते साधले पीसीआर तंत्रामुळे. १९८३ मध्ये कॅरी म्युलिस यांना सुचलेल्या या तंत्रात डीएनएचा ठरावीक तुकडा पुन:पुन्हा दुप्पट केला जातो. तीस वेळा दुप्पट केले की एकाचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होतात. आरएनए असलेल्या विषाणूंसाठी आधी आरएनएवरून डीएनए तयार करून घेतात. घशातून फिरवलेल्या बोळ्यावर अगदी थोडा विषाणू असला तरी तो आता सापडू शकत होता.

२०२० : टपालाने आलेला बोळा

२०२० च्या वसंतात ब्रिटनमध्ये कोविड पसरला तेव्हा चाचण्यांचा तुटवडा होता. त्या मुख्यत: रुग्णालयातील रुग्ण आणि कर्मचारी यांच्यासाठी वापरल्या जात. पुढे चाचण्या वाढल्या तसे रुग्णही वाढलेले दिसत. मग साथ वाढली की शोध वाढला? नोंदलेल्या आकड्यांवरून हे सांगणे कठीण होते.

म्हणून दोन मोठ्या पाहण्या सुरू झाल्या. पहिली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने ऑक्सफर्ड विद्यापीठ व इतरांच्या मदतीने एप्रिल २०२० च्या अखेरीस सुरू केली. दुसरी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने पॉल इलियट यांच्या नेतृत्वाखाली १ मेपासून घेतली. तिचे नाव ‘रिॲक्ट’.

‘रिॲक्ट’ची रीत अशी होती. इंग्लंडमधील जवळजवळ प्रत्येकाचे नाव राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या यादीत असते. त्या यादीतून पाच वर्षांवरील माणसांची नावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी उचलली जात. देशातील ३१५ स्थानिक प्रशासकीय विभागांपैकी प्रत्येकातून नावे येतील अशी काळजी घेतली जाई. निवडलेल्यांना पत्र जाई. जे होकार देत त्यांच्या घरी एक लहान संच येई. माणूस स्वत:च घसा आणि नाक यांतून बोळा फिरवी. लहान मुलांसाठी हे काम आईवडील करत. मग तो नमुना प्रयोगशाळेत जाई. प्रत्येक फेरीत असे साधारण एक ते पावणेदोन लाख नमुने तपासले जात, आणि दर फेरीला माणसे नवी असत.

सांख्यिकी कार्यालयाने व्यक्तीऐवजी घरे निवडली. कार्यकर्ता दाराशी येऊन अंतर राखून उभा राही आणि घरातील माणसे स्वत:चे बोळे घेऊन त्याच्या हवाली करत. पहिले पाच आठवडे दर आठवड्याला आणि पुढे दरमहा तो त्याच घरी येई. त्यामुळे एका घरात संसर्ग कसा येतो, किती दिवस टिकतो आणि पुन्हा कधी येतो, हेही समजू शकले.

भांडे ढवळले पाहिजे

शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण आपण सहज वापरतो. पण अनुभवी गृहिणी वरचे शीत दाबून पाहत नाही. ती डाव घालून भात हलवते आणि मग शीत उचलते. चाचणी केंद्रावर आपणहून येणारी माणसे ही वरची शिते. त्यांना खोकला असतो, किंवा शेजारी आजारी असतो, किंवा प्रवासासाठी दाखला हवा असतो. चिठ्ठ्या टाकून नावे काढणे म्हणजे भांडे ढवळणे.

पण एवढी शिते कशाला? ऑगस्ट २०२० च्या सुमारास ‘रिॲक्ट’च्या तिसऱ्या फेरीत संसर्गाचे प्रमाण सुमारे ०.०४ टक्के, म्हणजे दहा हजारांत चार एवढेच आढळले. अशा वेळी हजार माणसे तपासली असती तर सरासरीने अर्धा रुग्णही मिळाला नसता! दीड लाखाहून अधिक तपासले तेव्हा पन्नासाच्या आसपास मिळाले आणि त्यांवरून काही बोलता आले.

इथे आणखी एक शंका येते. दहा हजारांत चार मोजताना चाचणीच चुकली तर? याला मिळालेले उत्तर गणिताच्या शिक्षकांना आवडेल. ३१ जुलै ते १० सप्टेंबर २०२० या काळात सांख्यिकी कार्यालयाच्या पाहणीत २,०८,७३० नमुन्यांपैकी १५९ नमुन्यांत विषाणू आढळला. आता सर्वांत वाईट शक्यता धरू की हे १५९ च्या १५९ निकाल चुकीचे होते. तरीही निरोगी माणसाला चुकून बाधित ठरवण्याचे प्रमाण ०.०८ टक्क्यांहून अधिक होऊ शकत नाही. म्हणजे चाचणीची चूक जास्तीत जास्त किती, हे पाहणीनेच सांगितले.

पाहणीने काय दाखवले?

सप्टेंबर २०२० च्या सुरुवातीपर्यंत चाललेल्या चौथ्या फेरीत ते ०.०४ टक्के प्रमाण ०.१३ टक्क्यांवर गेले. आकडा अजून लहानच होता, पण दिशा स्पष्ट होती. दुसरी लाट पाऊल टाकत होती.

‘रिॲक्ट’च्या दुसऱ्या शाखेने प्रतिपिंडे तपासण्यासाठी बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर टाकण्याचे संच घरोघरी पाठवले. गर्भधारणेच्या घरगुती चाचणीसारखीच ही पट्टी होती आणि निकाल लोकांनी स्वत:च वाचायचा होता. जून-जुलै २०२० मध्ये एक लाखाहून अधिक प्रौढांनी ती वापरली. हिशेब निघाला तो असा : इंग्लंडमधील सुमारे सहा टक्के, म्हणजे जवळजवळ ३४ लाख प्रौढांना तोवर संसर्ग होऊन गेला होता. त्याच सुमारास संपूर्ण ब्रिटनमध्ये चाचणीने नोंदलेले रुग्ण होते सुमारे २ लाख ९० हजार. नोंदवहीत दहात एकही आला नव्हता.

२०२० च्या अखेरीस आणखी एक गोष्ट लक्षात आली. पीसीआर चाचणी विषाणूच्या तीन जनुकांचा शोध घेत असे. काही नमुन्यांत दोनच सापडू लागली. विषाणूचा ‘अल्फा’ हा नवा प्रकार पसरत असल्याची ती खूण होती. घरोघरच्या नमुन्यांत ही खूण किती वाढते यावरून त्याचा प्रसार मोजता आला.

शाळांपुरते बोलायचे तर २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील फेरी महत्त्वाची आहे. तेव्हा सर्व वयोगट मिळून दीड टक्क्याच्या थोडे वर असलेले प्रमाण शाळकरी मुलांत पाच टक्क्यांच्या आसपास होते. तिशीच्या वर्गात सरासरी एक-दीड मूल! ऑक्टोबरअखेरच्या सुट्टीच्या सुमारास ते उतरू लागले.

सर्वांत बोलका प्रसंग मार्च २०२२ चा. ‘रिॲक्ट’च्या एकोणिसाव्या व शेवटच्या फेरीत प्रमाण ६.३७ टक्के निघाले. दोन वर्षांतील हा उच्चांक होता. सांख्यिकी कार्यालयाचा अंदाज होता की मार्चअखेरच्या आठवड्यात इंग्लंडमध्ये दर तेरा माणसांत एकाला संसर्ग आहे. आणि १ एप्रिलपासून तेथे बहुतेकांसाठी मोफत चाचण्या बंद झाल्या! लोकांनी चाचणी करणे सोडले तशी नोंदलेली रुग्णसंख्या घसरली. केवळ नोंदवही पाहणाऱ्याला साथ ओसरत असल्याचाच भास झाला असता. हजेरीपट ठेवला नाही म्हणून गैरहजेरी संपत नाही.

दार उघडेल का?

या पद्धतीचा कच्चा दुवा आहे माणूस. पत्र मिळाले तरी प्रत्येक जण होकार देत नाही. काळ लोटला तसा प्रतिसाद घटत गेला. तरुण आणि गरीब वस्तीतील लोक कमी सहभागी होत. त्यांच्या उत्तरांना हिशेबात अधिक वजन देऊन तोल सांभाळावा लागे. पण ज्यांनी दारच उघडले नाही, ते दार उघडणाऱ्यांसारखेच होते, हे गृहीत धरण्याला मर्यादा असते.

घरोघरी जाऊन रोग शोधण्याची एक कटू आठवण महाराष्ट्राकडेही आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात गोरे सोजीर घरात शिरून रोगी शोधत. लोकांनी रोगी लपवले. असंतोष एवढा वाढला की २२ जून रोजी प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्यावर गोळी झाडली गेली. प्लेग हा जिवाणूंचा रोग आणि तो शोध होता रोग्यांना हलवण्यासाठी. त्यामुळे तुलना पूर्ण जुळत नाही. पण एक धडा मात्र मिळतो. बळजोरीने लोक रोग लपवतात, आणि लपवलेला रोग मोजता येत नाही. बोळा ज्याचा त्याने घ्यायचा, तर त्याचा विश्वास हाच मोजमापाचा पाया ठरतो.

आपल्याकडेही घरोघरी जाऊन कोविडच्या प्रतिपिंडांची पाहणी झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे-जून २०२० मध्ये ७० जिल्ह्यांतील २८ हजार प्रौढांचे रक्त तपासले. प्रमाण निघाले ०.७३ टक्के; पण एवढ्या मोठ्या देशात त्याचा अर्थ मेच्या सुरुवातीपर्यंत सुमारे ६५ लाख संसर्ग असा होत होता. जुलैत मुंबईच्या तीन वॉर्डांत झालेल्या पाहणीत झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीतील १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. एकाच शहरातील दोन वस्त्यांमधली ही दरी रुग्णालयाच्या नोंदींतून दिसली नसती.

मे २०२१ मध्ये पुण्यात तयार झालेल्या घरगुती चाचणी संचाला मान्यता मिळाली आणि औषधाच्या दुकानात असे संच मिळू लागले. मात्र घरोघरी चाचणी होणे आणि घरोघरची पाहणी होणे यांत फरक आहे. आपणहून केलेल्या चाचणीचा निकाल पुष्कळदा घरातच राहतो. कोणी चाचणी केली आणि कोणी नाही हे माहीत नसेल, तर लाखो पट्ट्यांतूनही साथीचे चित्र उभे राहत नाही.

ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने आपली पाहणी मार्च २०२३ मध्ये थांबवली. त्यानंतर २०२३-२४ च्या हिवाळ्यापुरती, घरच्या घरी निकाल देणाऱ्या पट्ट्या वापरून एक लहान पाहणी झाली. अशी कामे खर्चिक असतात आणि भीती ओसरली की सर्वांत आधी थांबतात. पुढची साथ येईल तेव्हा यादी, प्रयोगशाळा आणि लोकांचा विश्वास ही तिन्ही पुन्हा उभी करावी लागतील. त्यांपैकी विश्वास ऐनवेळी उभा करणे सर्वांत अवघड.

शिक्षकांना या कामाची सुरुवात वर्गातच करता येईल. एका डब्यात हजार हरभरे आणि पन्नास राजमे मिसळा. न ढवळता वरची मूठ घेऊन राजमे मोजा. मग ढवळून दहा दाणे, शंभर दाणे असे काढून मोजा. मुलांना प्रत्येक वेळी विचारा, डब्यात राजमे किती असतील? दहांवरून आणि शंभरांवरून आलेली उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. एक लाख घरी बोळे का पाठवावे लागले, ते मुले आपणच सांगतील.