गृहस्थाचा टाळ : सौंसर-पांढुर्ण्याकडील संसारी वादकांची परंपरा

देवस्थानांच्या स्मरणिकांतून संगीताविषयी जे लिहिले जाते ते बहुधा थोर कलावंतांविषयी असते, आणि ते योग्यच आहे. मंगेशीचे मास्टर दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई ही नावे आपल्या महाजन कुटुंबांत आजही अभिमानाने घेतली जातात. परंतु दिवसभर दुकान, शेती किंवा कचेरी सांभाळून रात्री देवळाच्या सभामंडपात टाळ वाजविणारा, पखवाजावर ठेका धरणारा जो गृहस्थ, त्याचा इतिहास लिहावा असे सहसा कोणास वाटत नाही. त्याने बंदिशी बांधल्या नाहीत, त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या नाहीत. लग्न झाले, मुले झाली, आईबापांची आजारपणे आली, हात जड झाले, तरी त्याचे वाजविणे बंद पडले नाही, एवढीच त्याची कामगिरी. ही कामगिरी लहान नव्हे. ती कशी साधली हे पाहावयाचे तर गोमंतकापासून पुष्कळ दूर, सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील सौंसर आणि पांढुर्णा या दोन तालुक्यांकडे जावे, असे मला वाटते.

तिकडेच का, असे कोणी विचारील. गोव्यातील मोठ्या देवळांतून गायन-वादनाची नित्यसेवा पिढीजात घराण्यांकडे सोपविलेली असे. महाजनांनी ऐकावे, मानपान सांभाळावा, खर्च उचलावा, अशी ती विभागणी होती. त्या घराण्यांना, विशेषतः त्यांतील स्त्रियांना, या सेवेची केवढी किंमत मोजावी लागली हे आता आपण जाणतो. सौंसर-पांढुर्ण्याच्या खेड्यांत देवळाच्या पदरी असा वादकवर्ग क्वचितच असणार. तेथे मारुतीचे किंवा विठ्ठलाचे देऊळ म्हणजे चार खांब, एक ओटा आणि भिंतीला टांगलेला मृदंग. वाजवावयाचे ते गावकऱ्यानेच, आणि तेही घरसंसार करता करता.

हा मुलूख प्रथम देवगडच्या गोंड राजांचा व नंतर नागपूरकर भोसल्यांचा. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे येथील लोकांची राजधानी, बाजारपेठ, न्यायालय व नाटकगृह हे सर्व नागपूरच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर-पांढुर्णा मध्यप्रदेशात राहिले. घरात मराठी, शाळेत व कचेरीत हिंदी, अशी स्थिती आली. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. बाहेरच्यांस पांढुर्ण्याचे नाव ठाऊक असते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे. वर्षातून एक दिवस दगड उचलणाऱ्या हातांनीच येथे वर्षभर टाळ धरला जातो, हे वर्तमानपत्रांना दिसत नाही.

येथील मुख्य पिके कापूस आणि संत्री. भजनाचे वेळापत्रक या पिकांच्या वेळापत्रकात बसविलेले आहे, आणि गृहस्थाचे वादन टिकण्याचे पहिले कारण मला हेच वाटते. कार्तिकातील काकडा घ्या. तो पहाटेच्या अंधारात होतो. दिवसा कापसाची वेचणी आणि आंबिया बहाराची तोड असते, संध्याकाळी माणूस थकून जातो. मोकळी अशी एक पहाटच उरते, आणि तीच देवासाठी ठेवलेली आहे. उजाडताना आरती संपते आणि मंडळी तशीच शेताकडे वळतात. एकादशीचे भजन जेवणखाण नसल्यामुळे घरच्या बाईवर स्वयंपाकाचा नवा भार न टाकता पार पडते. ज्यांनी हे दिवस नेमले ते संसार जाणणारे होते, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. आणि ते खरेच तसे होते. नामदेव शिंपी, गोरा कुंभार, सावता माळी, तुकाराम वाणी, या सर्वांच्या मागे प्रपंच होता. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचे तर दुकान बुडाले आणि घरातील माणसेही गेली. वारकरी पंथाने भजनासाठी घर सोडावयास सांगितले नाही. त्याने भजनच घराजवळ आणले.

दुसरे कारण वाद्यांच्या वाटणीत आहे. पखवाज हे तरुणाचे वाद्य. डाव्या पुडीला कणीक लावून, वाद्या ओढून, तासन् तास बोल घासावे लागतात. त्यासाठी बोटांत जोर आणि डोक्यात निश्चिंती हवी. अठराव्या वर्षी ती असते. तिशीत बैल, कर्ज, शाळेची फी आणि बहिणीचे लग्न आले की बोटे आणि निश्चिंती दोन्ही जातात. कडब्याच्या पेंढ्या उचलून आलेल्या हातातून द्रुत बोल नीट उमटत नाहीत. शास्त्रीय मैफलीत अशा माणसाने काय करावे? बहुधा त्याने वाद्य गुंडाळून ठेवावे आणि आपण एके काळी वाजवीत होतो असे सांगत राहावे. भजनात मात्र त्याच्यासाठी पुढची जागा तयार असते. पखवाज धाकट्याकडे जातो आणि तो टाळकऱ्यांच्या रांगेत येतो. टाळाला बोटांची चपळाई लागत नाही, लयीची जाण मात्र पुरेपूर लागते, आणि ती वयाबरोबर वाढते. पखवाज सोडून आलेला टाळकरी हा नव्या पखवाजियाचा खरा परीक्षक असतो. ठेका धावू लागला की त्याचा टाळ मागे ओढतो, आणि पोरगा न सांगता समजतो. पुढे डोळे मंदावले, उभे राहवेनासे झाले, की तो पेटीशेजारी बसून चाली सांगतो. आणि ज्याला गाव मानते अशा वृद्धाच्या गळ्यात वीणा येते. वाद्य म्हणून त्या वीणेत फारसे वाजविण्यासारखे काही नाही, तार छेडीत स्वर धरून ठेवावयाचा एवढेच. पण सगळे भजन त्या स्वरावर उभे असते. वय वाढले म्हणजे वादन उणावते ही समजूत येथे लागू पडत नाही, कारण माणसाबरोबर वाद्यही बदलत जाते.

अखंड हरिनाम सप्ताहात याच वीणेचा एक नियम आहे, त्यावर थोडे थांबले पाहिजे. सात दिवस वीणा भुईवर ठेवावयाची नाही. रात्रंदिवस ती कोणाच्या तरी गळ्यात असली पाहिजे. एका माणसाला हे अशक्य, म्हणून पहारे लावतात. तासा-दोन तासांचा एकेक पहारा, आणि कोणाचा कोणता ते आधीच ठरलेले. ज्याला पहाटे दूध काढावयाचे असते तो मध्यरात्रीचा घेतो. ज्याची रानात जागल असते तो सायंकाळचा घेऊन मग शेताकडे जातो. कोणाच्या घरी आजारी माणूस असले तर शेजारी त्याचा पहारा उचलतो, आणि त्याची परतफेड पुढच्या वर्षी होते. कोणीही आपले घर टाकलेले नसते आणि वीणाही खाली उतरलेली नसते. वास्कोच्या दामोदर देवळातील भजनी सप्ताह आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगच्या साथीत सुरू झालेले ते चोवीस तासांचे अखंड भजनही पाळीपाळीनेच चालते. देवळाच्या सेवेतील ‘पाळी’ हा शब्द महाजन घराण्यांना नवा नाही. पूजेची पाळी चुकू नये म्हणून मुंबई-बेळगावाहून गाठोडे बांधून येणारे आपले आजोबा आणि वीणेचा पहारा चुकू नये म्हणून संत्र्याच्या बागेतून चिखलाच्या पायांनी येणारा सौंसरचा शेतकरी यांच्यात, मला वाटते, फारसे अंतर नाही.

विसाव्या शतकात या भागाच्या भजनाला एक नवे वळण मिळाले ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे. १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील यावली येथे त्यांचा जन्म झाला, १९३५ मध्ये त्यांनी मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला, १९४२ च्या आंदोलनात कारावास भोगला, आणि १९६८ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या हाती वाद्य होते ते खंजिरी. स्वतः ते विरक्त. पण त्यांची शिकवण गृहस्थासाठी आणि गावासाठी होती. सायंकाळी ठरलेल्या वेळी, थोडक्यात आटोपणारी सामुदायिक प्रार्थना हा त्यांच्या कार्याचा कणा. खंजिरी स्वस्त, हलकी, पिशवीत मावणारी. ती शिकावयास गुरुगृही वर्षे काढावी लागत नाहीत. पखवाजाच्या अभिमान्यांनी तिला हलके लेखले असेल, परंतु ज्याच्याजवळ दिवसातून अर्धाच तास शिल्लक आहे अशा माणसाला वादक करण्याचे काम तिने केले. वऱ्हाड-नागपूरप्रमाणे सातपुड्याकडील मराठी खेड्यांतही तिचा आवाज पोहोचला.

आता हे सर्व भजनापुरते झाले. ज्याला केवळ ठेका पुरत नाही, ज्याच्या गळ्यात किंवा हातात मोठी विद्या आहे, त्याने प्रपंच कसा करावा? याचे उत्तर इतके सुखाचे नाही. नागपूरच्या मातीत वाढलेले डॉ. वसंतराव देशपांडे यांचे उदाहरण घ्या. १९२० मध्ये मूर्तिजापूर येथे जन्म; आईने एकटीने वाढविले; नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे शिक्षण; पुढे लाहोरपर्यंत जाऊन मिळविलेली तालीम; दीनानाथांच्या गायकीचा मनावर खोल ठसा. असा माणूस वीस वर्षांहून अधिक काळ पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करीत होता, कारण घर चालवावयाचे होते. १९६० च्या दशकाच्या मध्यावर, ईशान्य सीमेकडील बदलीनंतर, ती नोकरी सुटली. १९६७ मध्ये नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले, संगीत दिले मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींनी, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव सत्तेचाळिसाव्या वर्षी महाराष्ट्राला जणू नव्याने दिसले. १९८३ मध्ये ते गेले. म्हणजे पुरते मोकळे होऊन गावयास त्यांना उणीपुरी अठरा-एकोणीस वर्षे मिळाली. कारकुनीची वर्षे वाया गेली असे कोणी म्हणतात. मी तसे म्हणणार नाही. त्या वर्षांत एक घर उभे राहिले. परंतु आपल्या समाजाने त्यांचे काही पहारे उचलले असते तर बरे झाले असते, एवढे खरे.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची कथा याच्या उलट, आणि अधिक करुण. वकिलीचा व्यवसाय असलेल्या या माणसाची पत्नी १९०० मध्ये आणि एकुलती मुलगी १९०३ मध्ये निवर्तली. त्यानंतरच्या वर्षी ते दक्षिणेच्या संगीतप्रवासास निघाले आणि उरलेले सर्व आयुष्य त्यांनी शास्त्राला दिले. हिंदुस्थानी संगीताचे त्यात अपार हित झाले. तरीही संसार नाहीसा झाल्यावर मिळालेली ही फुरसत कोणी कोणास इच्छू नये.

स्त्रियांचा विचार केला तर पाळीचा हा न्याय पुष्कळ काळ अर्ध्या गावालाच लागू होता. पुरुष पहाऱ्याला गेला तेव्हा घरचा पहारा कोणी केला, हे सप्ताहाच्या फळ्यावर लिहिलेले नसते. मोगूबाई कुर्डीकरांचे पती १९३९ मध्ये वारले. तीन मुलांचा संसार एकटीने ओढीत त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांची विद्या जपली आणि कन्या किशोरी हिच्या गळ्यात उतरविली. १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले. असे धैर्य असामान्य असते, आणि ते प्रत्येकीकडून अपेक्षिणे अन्यायाचे आहे. सामान्य गृहिणीला उपयोगी पडली ती महिला भजनी मंडळे. दुपारची भांडी आटोपल्यावर आणि संध्याकाळची चूल पेटण्यापूर्वी जे दोन तास मिळतात ते त्यांनी धरले. सुना आल्या, नातवंडे शाळेत जाऊ लागली, की पेटीला हात लावणाऱ्या स्त्रिया आता सर्वत्र दिसतात. पुरुषांची वाद्ये वयाबरोबर हलकी होत जातात. बायकांच्या हाती वाद्य पुष्कळदा वय झाल्यावरच येते.

आजची अडचण निराळी आहे. नागपूर-छिंदवाडा ही सौंसरवरून जाणारी छोट्या मापाची जुनी आगगाडी २०१५ मध्ये बंद होऊन तेथे मोठा रूळ आला, पांढुर्णा तर नागपूर-इटारसी या हमरस्त्यावरच आहे, आणि तरुण मुले नोकरीसाठी नागपूर-पुण्याकडे जातात. पखवाज धाकट्याकडे द्यावा तर धाकटा गावात नसतो. मग पन्नाशीचा माणूसच आणखी दहा वर्षे पखवाज ओढतो आणि लय थोडी उतरवून घेतो. जी मुले मागे आहेत त्यांचे शिक्षण बहुतेक हिंदीतून झालेले. लिपी एकच असल्यामुळे आजोबांच्या हातची भजनाची वही त्यांना वाचता येते, हे मोठेच भाग्य. पण ‘ळ’ आला की जीभ अडते आणि ‘ल’ म्हणून पुढे सरकते. म्हातारा टाळकरी त्यावर भाषण करीत नाही. पुढच्या आवर्तनात तो तोच शब्द जरा मोठ्याने म्हणतो, टाळाचा ठोका नेमका त्या ‘ळ’वर टाकतो, आणि पोरगा तिसऱ्या खेपेस बरोबर म्हणतो. शाळेत न मिळालेली मराठी अशा रीतीने काही घरांत उरली आहे, आणि ती शिकविणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी मंडईत संत्र्याचा भाव पाहावयास जावयाचे असते.