देवलीचे चेहरे

दिल्लीतील मंडी हाउसच्या चौकात नाटकांना आणि चित्रपटांना येणाऱ्या रसिकांची सदैव वर्दळ असते. तेथून थोड्याच अंतरावर पुराना किल्ल्याचा तट आहे. सिंगापूर आणि मलाया येथून धरून आणलेल्या जपानी नागरिकांना ब्रिटिश सरकारने १९४२ मध्ये याच तटाच्या आत तंबूंत ठेवले होते; त्यांत बायकामुलेही होती. पुढे त्यांची रवानगी राजस्थानातील देवलीच्या छावणीत झाली. देवली हे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. श्रीपाद अमृत डांगे तेथे स्थानबद्ध होते. १९४१ मध्ये राजबंद्यांच्या उपोषणाने ती छावणी गाजली आणि ना. म. जोशी तेथील स्थिती पाहून आले. परंतु स्वतंत्र भारताने त्याच छावणीत कोणाला ठेवले, याचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच आढळतो.

१९६२ च्या नोव्हेंबरात आसाममधील माकुम, तसेच दार्जिलिंग, शिलाँग अशा ठिकाणांहून चिनी वंशाच्या कुटुंबांना पोलिसांनी घरांतून उचलले. त्यांपैकी कित्येकांचा जन्म भारतातच झाला होता. सुतार, चर्मोद्योगी, उपाहारगृहवाले, शाळकरी मुले अशी ही माणसे होती. आगगाडीने कित्येक दिवसांचा प्रवास करून सुमारे ३,००० जण देवलीला पोहोचले. खटला कोणावरही चालला नाही. युद्धविराम २१ नोव्हेंबरला झाला, पण छावणीतील शेवटची माणसे १९६७ मध्ये सुटली. भय ज्या कारणाने उत्पन्न झाले ते कारण संपल्यावरही कागद आपल्या गतीने चालत राहिला, असेच म्हणावे लागते.

मुंबईचे छायाचित्रकार रफीक इलियास यांनी या माणसांवर ‘बियाँड बार्ब्ड वायर्स : अ डिस्टंट डॉन’ हा अनुबोधपट केला. त्यातील कित्येक माणसे आज कॅनडात स्थायिक आहेत. अशा पटाच्या खेळाला कधी त्यातलीच माणसे प्रेक्षकांत बसलेली असतात. पट संपतो, दिवे लागतात आणि त्या वृद्ध चेहऱ्यांकडे कॅमेरे वळतात. ओले डोळे टिपण्याची घाई तेथे होतेच. मला ही घाई नेहमी खटकत आली आहे.

तिचे कारण छायाचित्राच्या इतिहासातच आहे. या लोकांचे सरकारदरबारी असलेले छायाचित्र परकीय म्हणून केलेल्या नोंदणीच्या कागदावर चिकटवलेले होते. तो चेहरा ओळख पटवण्यासाठी होता, ओळख करून घेण्यासाठी नव्हे. अमेरिकेत याहून बोलका प्रकार घडला. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत नेले जात असता सरकारनेच डोरोथिया लँग यांना छायाचित्रे घेण्यास नेमले आणि ती पाहिल्यावर लष्कराने युद्धकाळात दडपून ठेवली. मँझनारच्या छावणीत तोयो मियाताके या बंदी छायाचित्रकाराने मात्र चोरून भिंग आणले, लाकडी पेटीचा कॅमेरा बनवला आणि आपल्या माणसांना आपणच टिपले. शासनाच्या आज्ञेने घेतलेल्या चित्रांहून ही चित्रे सरस आहेत की नाहीत, हा वाद कलासमीक्षकांचा. परंतु त्यांतील माणसे आपल्यातल्याच एकाकडे पाहत आहेत, हे विसरता येत नाही.

दिल्लीत या वृद्धांचे चित्र घेणे म्हणूनच साधे काम नाही. अटकेचे आदेश याच शहरातून निघाले होते. अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा करून आपल्या बंदींची माफी मागितली. देवलीच्या बंदींना भारत सरकारने अद्याप तशी माफी दिलेली नाही. भारतात राहिलेले कित्येक जण आजही नाव आणि चेहरा उघड करण्यास कचरतात. २०२० मध्ये गलवान येथे संघर्ष झाला, तेव्हा कोलकात्याच्या चिनी वस्तीकडे पुन्हा संशयाने पाहिले गेले. छायाचित्रकाराला चित्र मिळते, परंतु ते छापल्यावर शेजाऱ्यांची नजर चित्रातल्या माणसालाच सोसावी लागते. म्हणून आधी नाव विचारावे, शेजारी बसावे, नकार मिळाला तर कॅमेरा पिशवीत ठेवावा.

जॉय मा यांचा जन्मच देवलीच्या छावणीत झाला. दिलीप डिसूझा यांच्यासह त्यांनी लिहिलेले पुस्तक २०२० मध्ये निघाले. त्याच्या नावात हे लोक स्वतःला ‘देवलीवाला’ म्हणवतात. मुंबईवाला, दिल्लीवाला म्हणावे त्याच सहजतेने.