मोर्तबाचा ठसा

मावशीचे उपचार लांबत चाललेत. फोनवर ती "बरी आहे गं" म्हणते आणि विषय बदलते. म्हणून रविवारी सीवूड्सच्या घरी मी जेवणाच्या टेबलावर तिच्यासाठी भेटकार्ड करायला बसले. मोठं खोडरबर, कोरणी आणि गुलाबी शाईचा पॅड. चित्र ठरलेलंच होतं, एका पायावर उभा रोहित पक्षी. मावशी आमच्याकडे आली की डीपीएस तलावावर जायचा हट्ट धरते, आणि पाण्यात ती गुलाबी रांग दिसल्याशिवाय हलत नाही.

पत्रावर ठसा उमटवायची आपली रीत 'शिक्कामोर्तब' या शब्दात जपलेली आहे. आज आपण तो 'पक्कं झालं' एवढ्याच अर्थी वापरतो. शिवकाळात मात्र शिक्का आणि मोर्तब या दोन वेगळ्या मुद्रा होत्या. शिक्का पत्राच्या माथ्यावर, आणि मजकूर संपला की तळाशी लहानसं मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरं होती, म्हणजे लेखनाची मर्यादा इथे शोभते. पुढच्या काळातल्या कागदांवर 'लेखनसीमा' असंही दिसतं. त्याखाली दुसऱ्या कुणी ओळ घुसडू नये, हा हेतू. इतक्या छोट्या ठशात केवढी काळजी!

घरातल्या ठशांचं कूळ याहून साधं. देठाकडून कापलेली भेंडी रंगात बुडवली की कागदावर पाकळ्यांचं फूल उमटतं. कार्यानुभवाच्या तासाला आपण सगळ्यांनी ते केलंय. गोकुळाष्टमीला काही घरांत मुठीच्या ठशानं बाळकृष्णाची पावलं काढतात, वर बोटांचे पाच टिपके.

रबर फार उशिरा आलं. गंधक घालून तापवलेलं रबर उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत तडकत नाही, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना 1839 मध्ये उमगलं. 1844 मध्ये त्यांनी पेटंट घेतलं, आणि पुढच्या काही दशकांत रबरी शिक्के कचेऱ्यांत पोचले. त्याच सुमारास, 1843 मध्ये, लंडनच्या हेन्री कोल यांनी सगळ्यांना पत्रं लिहायला सवड नाही म्हणून चित्रकार जॉन हॉर्सली यांच्याकडून नाताळाचं कार्ड करून घेतलं आणि त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. छापील शुभेच्छा जन्मली ती वेळ वाचवायला. संक्रांतीच्या कार्डावर हलव्याची इवलीशी पुडी चिकटवणाऱ्या आपल्या माणसांनी त्यात पुन्हा हाताचं काम घातलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

ठशात सगळं उलटं कोरावं लागतं. पक्षी उलटा चालतो, 'आम्ही आहोत' चालत नाही. त्यावर सोपा उपाय आहे. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीनं सरळ लिहायचं, कागद पालथा रबरावर ठेवून नखानं घासायचं. अक्षरं आपोआप उलटी उतरतात आणि छापताना सुलटी होतात. शिरोरेषा जपायची, कारण ती तुटली की शब्द विस्कटतो. माझी दोनदा तुटली.

तिसऱ्यांदा जमलं. पक्ष्याखाली मी हातानं लिहिलं, "मावशी, थंडीत ते परत येतील, तेव्हा तू इथे हवीस." मग स्वयंपाकघरातून भेंडी आणली, देठ कापलं आणि त्या ओळीखाली एकच फूल उमटवलं.